सोळा जीबी आणि जतचं पाणी

निळ्या स्कोपचं बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवी लाट लगेच नाचायला लागली. राखाडी स्कोपचं बटण दाबलं, तर त्यानं आधी कंपनीचं नाव दाखवलं, मग एक पांढरी पट्टी दाखवली आणि नंतर बराच वेळ काहीच दाखवलं नाही.

"झालं की मग," भरतअण्णा खुर्चीतून उठत म्हणाले. "निळं घ्या. एवढं काय बघायचंय त्यात?"

भरतअण्णा हे सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या त्या कारखान्याचे मालक. सोलर पंपाचे कंट्रोलर बनवतात. गाडी, जावई आणि मशीन या तिन्ही गोष्टी ते चटकन उठून उभं राहण्यावरून पारखतात. जावयाच्या बाबतीत अंदाज थोडा चुकला, असं ऑफिसात बोलतात. पण पद्धत काही बदललेली नाही.

मी साताऱ्याच्या एका कॅलिब्रेशन लॅबमधून रिटायर झाले. कॅलिब्रेशन म्हणजे मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे मोजणं. दुसऱ्याच्या चुका काढून पगार घ्यायची ही सभ्य पद्धत आहे. रिटायर झाल्यावर पगार थांबला, चुका काढायची सवय थांबेना. म्हणून अधूनमधून साताऱ्याहून सांगलीला येते आणि भरतअण्णांना सल्ला देते. सल्ला ऐकला जातोच असं नाही. चहा मात्र वेळेवर मिळतो.

"अण्णा, दोन मिनिटं बसा," मी म्हटलं. "लवकर सुरू होणं आणि बरोबर दाखवणं यात फरक आहे."

"ते तुमच्या साताऱ्याचं हाय न्हवं राखाडी? मग बाजू घेणारच तुमी."

राखाडी स्कोप साताऱ्याच्या एका डीलरचा होता हे खरं. त्यानं डेमोला माणूस पाठवायचं कबूल केलं होतं. आदल्या दिवशी फोन करून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला येतंयच की. तुम्हीच घेऊन जावा." त्यामुळे साताऱ्याहून सांगलीपर्यंत ते धूड मी एसटीत मांडीवर घेऊन आले होते. निळ्या स्कोपबरोबर मात्र पुण्याहून कुणाल नावाचा इस्त्री केलेला तरुण आला होता. त्याच्याकडे लेसरचा पॉइंटर होता.

आता हा स्कोप काय असतो ते सांगते. पूर्ण नाव ऑसिलोस्कोप. वायरीतली वीज क्षणाक्षणाला कशी वरखाली होते, ते पडद्यावर रेषेनं दाखवणारं यंत्र. डॉक्टरकडे ईसीजीची रेष बघितली असेल तर तुम्हाला अर्धा स्कोप कळला. उरलेला अर्धा आम्हालाही लागेल तेव्हा कळतो.

आणि आम्हाला तो आता लागला होता. कारण जत.

बोअरमधलं पाणी संपलं आणि पंप कोरडाच फिरत राहिला, तर मोटार जळते. याला ड्राय रन म्हणतात. कंट्रोलर यावर लक्ष ठेवतो. पाणी नसलं की मोटारीवर भार येत नाही आणि ती करंट कमी खेचते. कंट्रोलरला करंट कमी दिसला की तो पंप बंद करतो आणि आपल्या छोट्या पडद्यावर लिहितो, 'पाणी नाही'. हे मराठीत लिहायची कल्पना भरतअण्णांचा पुतण्या सन्मती याची. तो पुण्यात एमबीए करून आला आहे आणि खरेदी बघतो. याला तो 'लोकल टच' म्हणतो.

मिरज, तासगाव, पार खंडाळ्यापर्यंत आमचे कंट्रोलर मुकाट्यानं चालत होते. जत तालुक्यातल्या एका गावातले तेवढे दिवसातून कितीदा तरी 'पाणी नाही' म्हणून बंद पडत होते. ही तक्रार आहे हेच आधी बरेच दिवस कोणाला कळलं नाही. सर्व्हिसच्या टेबलावर फोन यायचा, तो मी स्वतः ऐकला आहे.

"पंप बंद पडतोय सायेब."

"पडद्यावर काय लिहिलंय?"

"पानी न्हाई, आसं लिव्हलंय."

"गाव कुठलं तुमचं?"

"जत तालुका."

"मग बरोबर आहे की!"

आणि फोन बंद. जत हा कायमचा दुष्काळी तालुका, तिथं पाणी नाही हे सांगायला खरं तर कंट्रोलरची गरज नव्हती. पण कंट्रोलरनंच सांगितल्यामुळे ते आता तांत्रिकदृष्ट्याही सिद्ध झालं होतं. हेच मिरजेहून कोणी कळवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गाडी गेली असती. जतचं नाव ऐकलं की यंत्रावर शंका घ्यायची गरजच कोणाला वाटेना.

शेवटी तिथल्या लोकांनी व्हिडिओ पाठवले. टाकी काठोकाठ भरलेली, पाइपातून पाण्याची धार पडतेय आणि पडद्यावर 'पाणी नाही'. मग ऑफिसात धावपळ झाली. सन्मतीनं मीटिंग घेतली आणि मीटिंगमध्ये ठरलं की चूक सॉफ्टवेअरची असणार. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे दोष ठेवायला ते फार सोयीचं पडतं.

सॉफ्टवेअर लिहिलं होतं अश्विनीनं. ती त्याच गावची. घर धनगराचं, आता शेतीही आहे आणि मेंढरंही आहेत. सांगलीत इंजिनिअर झाली आणि इथेच लागली. पहिला कंट्रोलर तिनं वडिलांच्या बोअरवर बसवला. मग भावकीनं घेतले, शेजाऱ्यांनी घेतले. सगळे तिच्या शब्दावर. आणि आता नेमके तेच बंद पडत होते.

"पोरगी हुशार हाय," भरतअण्णा मला म्हणाले होते (सांगलीकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात), "खरं सगळा ताप तिच्याच गावात कसा? पुढचा लॉट निघायच्या आत सापडलं न्हाई, तर सॉफ्टवेअर दुसरीकडनं करून घ्यायचं. मग तिचं इथं काम काय?"

अश्विनीला हे कळलं होतं. ती मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "मॅडम, नोकरी दुसरी मिळेल. पण आबा बाजाराला जायचं बंद झालेत. लोक विचारतात, पोरीनं काय डबडं गळ्यात मारलं म्हणून." तिनं डबा तसाच झाकून ठेवला. मला त्या मीटिंगमधल्या प्रत्येकाचा मनापासून राग आला. रागाचा उपयोग नसतो, म्हणून मी म्हटलं, आधी नवा स्कोप मागवा. जुना होता तो माझ्यासारखाच रिटायर व्हायच्या लायकीचा होता.

म्हणून हा डेमो.

सन्मतीनं दोन्ही स्कोपची तुलना एक्सेलमध्ये केली होती. त्यात रंगीत रकाने होते. पडदा किती इंच, टच आहे का, वजन किती, वायफाय आहे का. एक रकाना 'लुक्स' असाही होता. मेमरीच्या रकान्यात निळ्याला हिरवा रंग होता आणि राखाडीला लाल.

"मॅडम, हे बघा," सन्मती म्हणाला, "निळा सोळा जीबी. राखाडी फक्त शंभर एम. शंभर एमबी तर आज साध्या मोबाईलला पण पुरत नाही."

"ते एमबी नाही. ते एम पॉइंट्स आहेत. शंभर मिलियन पॉइंट्स, म्हणजे दहा कोटी ठिपके."

"ठिपके?"

"ठिपके."

कुणालनं लेसरचा पॉइंटर खिशात ठेवला. त्याला ठिपक्यांबद्दल माहिती असावी.

डिजिटल स्कोप खरी सलग रेष काढतच नाही. तो ठरावीक अंतरानं वीज मोजतो, दरवेळी एक ठिपका ठेवतो आणि मग ठिपके रेषेनं जोडतो. रांगोळी काढतात तसंच. एका दमात असे किती ठिपके जवळ ठेवता येतात, ती स्कोपची मेमरी. निळ्याचे सोळा जीबी होते ते पडद्याचे फोटो साठवायला. त्यात सन्मतीच्या लग्नाचा अख्खा अल्बम बसला असता. निळ्याची खरी मेमरी माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात होती. चोवीस हजार ठिपके.

"चोवीस हजार काय कमी आहेत का?" कुणाल म्हणाला.

"किती वेळाचं चित्र बघायचं त्यावर आहे," मी म्हटलं. "पंप बंद पडायच्या आधीचे वीस सेकंद मला बघायचेत. चोवीस हजार ठिपके वीस सेकंदांवर पसरले, तर दोन ठिपक्यांमध्ये जवळजवळ एक मिलीसेकंद मोकळा राहतो. त्या मोकळ्या जागेत काय घडलं ते स्कोपला माहीत नसतं."

"मग तो काय दाखवतो?" भरतअण्णांनी विचारलं. ते परत बसले होते.

"सरळ रेष. माहीत नाही असं तो कधीच म्हणत नाही. दोन्हीकडचे ठिपके जोडून मोकळा होतो."

भरतअण्णांनी सन्मतीकडे बघितलं. का बघितलं ते मी विचारलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई साताऱ्याची म्हणून राखाडीची वकिली करते. ठिपके जमवून भागत नाही. ते सगळे वाचून, त्यांचं चित्र करून पडद्यावर मांडायचं काम प्रोसेसरचं. निळ्याचा प्रोसेसर चपळ होता आणि त्याच्या वाट्याला काम थोडं होतं. म्हणून तो नाचत होता. राखाडीत ठिपके दहा कोटी आणि प्रोसेसर बेताचा. घरच्या पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला लग्नाची पंगत सांगावी, तशी त्याची गत. ज्यानं कोणी ही जोडी जमवली, त्याचं आणि सन्मतीचं चांगलं जमलं असतं.

तुलना करायची तर दोघांना एकच काम द्यायला हवं. म्हणून मी राखाडीची मेमरी चोवीस हजारांवर आणली. लगेच तोही नाचायला लागला. निळ्याइतका नाही, पण वयाच्या मानानं बरा.

"आता निळ्याला दहा कोटी ठिपके द्या," मी कुणालला म्हटलं.

"मॅडम, तसं ऑप्शन नाही. कस्टमर नॉर्मली ऑटोवरच ठेवतात."

भरतअण्णा व्यापारी माणूस. त्यांनी एका वाक्यात माझी अर्ध्या तासाची बडबड गुंडाळली. "म्हंजे राखाडीला निळं हुता येतंय, खरं निळ्याला राखाडी हुता येत न्हाई."

मला बरं वाटलं. दोन सेकंदच. कारण पुढे ते म्हणाले, "खरं राखाडी लयच रेंगाळतंय की वो. असं करा, दोन्ही घेऊन जतला जावा. ज्याला चूक सापडंल ते घेऊ."

"आणि कोणालाच नाही सापडली तर?"

त्यांनी काचेपलीकडे अश्विनीच्या टेबलाकडे बघितलं. तिनंही ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सन्मतीच्या गाडीतून आम्ही निघालो. सन्मती, कुणाल, अश्विनी, मी आणि मागे दोन स्कोप. निळा त्याच्या चाकांच्या बॅगेत, राखाडी माझ्या जुन्या शालीत. गाडीत सन्मतीनं जत लागेपर्यंत तीनदा विचारलं की तिथं रेंज असते का.

अश्विनीचे वडील, आबा, बांधावरच उभे होते. राम राम झाला. आम्ही कंट्रोलरकडे निघालो तर ते आडवे आले.

"आदी टाकी बघायची. मंग मशीन."

"आबा, ते माहिती आहे त्यांना," अश्विनी म्हणाली.

"तू गप गं. आवं सायेब, हात घाला पान्यात."

सन्मतीनं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि टाकीत हात घातला. कुणालनंही घातला. मीसुद्धा. पाणी गार होतं.

"हाय का पानी?"

"आहे," सन्मती म्हणाला.

"मोट्यानं सांगा. आमाला फोनवर म्हंत्यात, जतला कुटलं पानी."

"आहे पाणी," सन्मती मोठ्यानं म्हणाला. आबांनी वाट सोडली.

करंट मोजणारी वायर जिथं कंट्रोलरमध्ये येते तिथं आम्हाला स्कोप जोडायचा होता. पंप बंद झाला की थांब आणि आधीचे वीस सेकंद दाखव, एवढीच दोघांना सूचना. मान निळ्याला पहिला. पंप सुरू होता, धार पडत होती. आम्ही बाभळीखाली बसून कंट्रोलर बंद पडायची वाट बघू लागलो. कारखान्यातून जतपर्यंत माणसं येऊन आपलंच यंत्र कधी बिघडतंय याची आशेनं वाट बघतायत, हे दृश्य आबांना फार आवडलं असावं. ते मधूनमधून हसत होते.

खट् झालं. धार तुटली. पडद्यावर 'पाणी नाही'.

निळ्यानं त्याच क्षणी चित्र दिलं. पडद्यावर स्वच्छ, सरळ रेष होती. शेवटी ती खाली आली, म्हणजे पंप बंद झाला. मध्ये कुठंतरी एक ठिपका तेवढा रेषेखाली पडला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"नॉइज," कुणाल म्हणाला. "सिग्नल क्लीन आहे मॅडम."

"म्हणजे हार्डवेअर ओके," सन्मती म्हणाला. "म्हणजे सॉफ्टवेअर." आणि रेंज आहे की नाही याची काळजी सोडून तो मोबाईलवर काकांना मेसेज लिहायला लागला. अश्विनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती. आबांना इंग्रजी शब्द कळले नसतील, पण पोरीचा चेहरा कळला. त्यांचं हसणं थांबलं.

अशा निसटत्या गोष्टी पकडायची एक वेगळी सोय बहुतेक स्कोपमध्ये असते. निळ्यातही असणार. पण ती आतल्या मेनूत असते आणि कुणालचं ट्रेनिंग पहिल्या मेनूलाच संपलेलं दिसत होतं. शिवाय ती लावूनही मला जे बघायचं होतं ते सगळं दिसलं नसतं. मी राखाडी जोडला आणि मेमरी दहा कोटींवर नेली.

आता नवीन अडचण. उन्हात राखाडीचा पडदा दिसेना. आबांनी घोंगडं आणलं आणि आमच्यावर टाकलं. आत मी, अश्विनी आणि राखाडी. बाहेर व्यवस्थापन आणि विक्री.

परत वाट बघणं. परत खट्. आणि राखाडीनं पांढरी पट्टी दाखवली.

पट्टी सरकत होती. घोंगड्यात मेंढरांचा वास येत होता आणि घाम निथळत होता. बाहेरून कुणाल म्हणाला, "मॅडम, चहा होईल तोवर." तो टोमणा होता. पण अश्विनीच्या आईनं खरंच चहा टाकला आणि तो उकळून, गाळून आमच्या हातात आला, तरी पट्टी अजून थोडी बाकी होती. मी या स्कोपच्या प्रोसेसरला मनातल्या मनात जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

मग चित्र आलं. सरळ रेष, आणि त्या रेषेतून खाली उतरलेल्या काट्या. केसाएवढ्या बारीक. एक, मग थोड्या अंतरानं दुसरी, मग तिसरी. पूर्ण वीस सेकंद. आणि प्रत्येक दोन काट्यांमधलं अंतर अगदी सारखं.

मी एक काटी मोठी करून बघितली. ती पार शून्यापर्यंत गेली होती. एक मिलीसेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा नसेल तेवढा वेळ, पण शून्य म्हणजे शून्य. निळ्याच्या दोन ठिपक्यांमधल्या मोकळ्या जागेत अशा आठ-दहा काट्या शेजारी शेजारी झोपल्या असत्या. त्यातली एक चुकून ठिपक्याखाली आली होती आणि तिला कुणालनं नॉइज म्हणून वाटेला लावलं होतं.

"सेकंदाला एक," मी म्हटलं. "जरा जास्तच. पंपात असं सेकंदाला काय होतं?"

"काहीच नाही," अश्विनी म्हणाली. मग तिनं माझा हात धरला. "मॅडम, गप. ऐका."

मी ऐकलं. मेंढरं ओरडत होती. लांब कुठंतरी ट्रॅक्टर होता. आणि जवळच, अगदी शांतपणे, टक. मग टक. मग टक.

अश्विनीनं घोंगडं फेकून दिलं आणि पळाली. मक्याच्या कडेला खांबावर एक पेटी होती. झटका मशीन. पिकाभोवती तार ओढून त्यात सेकंदाला एकदा विजेचा बारीक झटका सोडणारी पेटी. जनावर तारेला लागलं की दचकून मागं फिरतं. तिनं ती बंद केली.

मी राखाडीला परत चित्र काढायला लावलं. परत पट्टी, परत वाट. या वेळी कोणी टोमणा मारला नाही. रेष आली ती सरळ, एकही काटी नसलेली. अश्विनीनं पेटी चालू केली. काट्या परत हजर.

बाकीचं उलगडायला वेळ लागला नाही. कंट्रोलर सेकंदातून एकदा करंट बघतो. झटका मशीन सेकंदातून एकदा झटका देतं. दोन्हींची चाल जवळजवळ सारखी, पण पुरती सारखी नाही. दोन घड्याळांसारखी ती सावकाश मागंपुढं सरकत राहतात आणि अधूनमधून त्यांचा ठोका एकत्र पडतो. तेवढा वेळ कंट्रोलर बघतो तेव्हा नेमका झटका चालू असतो आणि त्याला करंट शून्य दिसतो. लागोपाठ तीनदा शून्य दिसलं की तो प्रामाणिकपणे लिहितो, पाणी नाही.

"पण झटका मशीन तर सगळीकडे असतं," सन्मती म्हणाला. "तासगावला पण आहे."

प्रश्न चांगला होता, हे मान्य करायला हवं. उत्तर अश्विनीनं दिलं. "तिकडं डुकरांसाठी लावतात सर. रात्री. रात्री ऊन नाही, म्हणजे सोलर पंप बंद. आमच्याकडं घरोघरी मेंढरं आहेत. ती दिवसा चरायला सुटतात. म्हणून आम्ही दिवसा लावतो."

म्हणून तिचंच गाव. भरतअण्णांचा प्रश्न बरोबर होता, फक्त उत्तर त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

राहिला एक प्रश्न. बाहेरच्या कुंपणाचा झटका आमच्या वायरीत शिरतो कसा? अश्विनीनं कंट्रोलरचं झाकण उघडलं आणि करंटची वायर बोटांत धरून बघितली. "ही वायर माझी नाही."

"म्हणजे?"

"माझ्या ड्रॉइंगमध्ये जाळीची वायर आहे. वर तारेचं वेष्टन असलेली, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. ही साधी आहे."

खरेदी कोण बघतं हे मी आधी सांगितलंच आहे. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. आबांनीही बघितलं, कारण आम्ही बघत होतो.

"इक्विव्हॅलंट होती," सन्मती म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "रंग सेम होता."

कोणी काही बोलायच्या आत आबा ओरडले, "आरं मेंढरं! मेंढरं शिरली मक्यात!" आमच्या प्रयोगाच्या नादात पेटी बंदच राहिली होती. मग एक निवृत्त कॅलिब्रेशन अधिकारी, एक एमबीए आणि एक सेल्स इंजिनिअर मक्यातून मेंढरं हाकलत होते. कुणाल सगळ्यात चपळ निघाला. त्याची निवड वेगावरच झाली असावी.

निघताना आबांनी अश्विनीला एवढंच विचारलं, "तुजी चूक न्हवती न्हवं?"

"थोडी होती आबा. सेकंदातून एकदाच बघून विश्वास ठेवायला नको होता मशीननं."

"ती समद्यांचीच हाय," आबा म्हणाले.

परतताना गाडीत सन्मती बराच वेळ मोबाईलवर काहीतरी पुसत होता. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

त्या गावातल्या सगळ्या कंट्रोलरमध्ये जाळीची वायर बसली. अश्विनीनं सॉफ्टवेअरही बदललं, आता ते सेकंदातून एकदाच बघून निकाल देत नाही. पुढचा लॉट तिच्याच सॉफ्टवेअरवर निघाला. आबा बाजाराला जायला लागले. भरतअण्णांनी तिला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही, पण तिच्या टेबलावर पेढ्याचा पुडा ठेवून गेले. माफी मागण्याची ही आमच्याकडची पद्धत आहे, ती साखरेतून येते.

स्कोप राखाडीच घेतला. शब्दाला भरतअण्णा पक्के. महिन्याभरानं मी गेले तर त्याच्यावर एक छापील कागद चिकटवलेला होता. 'मेमरी कमीत कमी ठेवावी. वाढवल्यास मशीन स्लो होते. आदेशावरून.' आदेश कोणाचा ते विचारायची गरज नव्हती, अक्षरांना रंग होता. म्हणजे दहा कोटी ठिपक्यांचा स्कोप घेऊन आम्ही तो चोवीस हजारांवर चालवत होतो. मी कागद काढला. पुढच्या खेपेला नवा होता, आता लॅमिनेशन करून. यंत्रात मेमरी किती आणि प्रोसेसर केवढा हे माहितीपत्रकात मिळतं. वापरणाऱ्याकडे थांबायची तयारी किती, हे कोणी छापत नाही.

एक गोष्ट मात्र अश्विनीनं कोणाला न विचारता बदलली. कंट्रोलरच्या पडद्यावरचा मजकूर. सन्मतीनं हरकत घेतली नाही, मराठीतच होता, लोकल टच शाबूत. परवा मी चहा घेत बसले होते तेव्हा सर्व्हिसच्या टेबलावर फोन वाजला. तिथल्या पोरानं स्पीकरवर टाकला.

"पंप बंद पडलाय सायेब."

"पडद्यावर काय लिहिलंय?"

"पानी हाय का बगा, आसं म्हनतंय."

"गाव कुठलं?"

"जत तालुका."

पोरानं माझ्याकडे बघितलं, मग अश्विनीच्या टेबलाकडे.

"मग बघितलं का?"

"बगितलं की. हाय."

"मग येतो आम्ही," तो म्हणाला.